इराणी वाचवायचा की त्याची भिंत?

मुंबईत एखादा इराणी, म्हणजे चहा-पावाचा जुना इराणी कॅफे, बंद पडला की इथे सॅन फ्रान्सिस्कोतल्या मराठी मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, नव्या पिढीला बर्गर हवेत. दुसरा म्हणतो, हेरिटेज जाहीर करा, म्हणजे वाचेल. आम्हाला दोन्ही निदानं चुकलेली वाटतात. गिऱ्हाईक सर्वांत शेवटी तुटतं, त्याआधी पावाची भट्टी गेलेली असते.

ब्रूनमध्ये, म्हणजे इराण्याच्या कडक पावात, स्निग्धांश जवळपास नसतो. म्हणून कवच कडक होतं, आणि मुंबईच्या दमट हवेत काही तासांत चामटही होतं. स्वतःची भट्टी असली की दुपारी दुसरा घाणा काढता येतो. पाव बाहेरून सकाळी एकदाच येऊ लागला की चारच्या चहाला मिळणारा ब्रून दातांना झोंबतो. मग मस्का. अर्ध्या किलो लोण्यात १५ ग्रॅमच्या हिशेबाने ३३ प्लेटी निघतात, १० ग्रॅमने ५०. तेही परवडेनासं झालं की मार्गारिन येतं, ते टाळूला चिकटून बसतं. शेवटी चहा. कोरा एका भांड्यात, मंद आचेवर आटलेलं दूध दुसऱ्यात, गाठ कपातच, ही रीत. गॅस आणि माणूस वाचवायला सगळं एकत्र उकळलं की तो टपरीचा चहा होतो, आणि टपरीवर तो स्वस्त मिळतो. मग इराण्याकडे जायचं कशाला?

भाव का वाढवत नाहीत? चार खुर्च्यांच्या टेबलावर एका चहावर पाऊण तास बसू देणं हीच तर ओळख. ती परवडत होती भाड्यामुळे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली, १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. एवढ्या भाड्यात घरमालक गळकं छत कशाला दुरुस्त करील? त्यात जागा कोपऱ्याची, दोन रस्त्यांवर तोंड असलेली, आणि भागीदारांचे वारस वाढलेले. पुनर्विकासाची रक्कम समोर आली की रोजचा गल्ला किरकोळ वाटतो. धोबीतलावावर १९०४ चं कयानी उभं आहे, समोरचं बस्तानी मात्र गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले. धूर खरा आहे, आमची तक्रार नाही. पण विटांच्या भट्टीत पाव निघाल्यावर उतरत्या आचेत टोस्ट आयते सुकतात. विजेच्या ओव्हनमध्ये त्याचं वेगळं बिल येतं, ओव्हनची किंमत आणि वाढीव वीजभार निराळाच.

हेरिटेजवाल्यांनी लंडनचा इंडिया क्लब आठवावा. १९५१ चं हे भारतीय जेवणाचं ठिकाण. इमारतीत मोठे फेरबदल करायला महापालिकेने २०१८ मध्ये नकार दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इमारत राहिली, क्लब सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला.

इथे सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ च्या मतदानातून वेगळी वाट निघाली, जुन्या दुकानांना अनुदानाची: दुकान साधारण ३० वर्षं जुनं हवं. सुरुवातीच्या रचनेत, किमान १० वर्षांचा करार देणाऱ्या घरमालकाला चौरस फुटामागे ४.५० डॉलरपर्यंत, आणि दुकानदाराला प्रत्येक पूर्णवेळ नोकरामागे ५०० डॉलरपर्यंत अनुदान होतं. रक्कम शहराच्या अंदाजपत्रकावर हलते, आणि वारसाला गल्ल्यावर बसायचंच नसेल तर ती काही करू शकत नाही.

ही योजना जशीच्या तशी मुंबईत नेणं मात्र भाबडेपणाचं होईल. इथे दुकान भाडेवाढीने मरतं, तिथे भाडं गोठल्यामुळे मालक पाठ फिरवतो. मुंबईत मालकाला द्यायचं ते छत आणि गटाराच्या दुरुस्तीशी बांधून द्यावं, आणि इराण्याला द्यायचं ते ओव्हन आणि वीजजोडणीसाठी. दुपारचा दुसरा घाणा निघतो का, एवढं वर्षातून एकदा कुणीतरी चार वाजता जाऊन ब्रून मोडून पाहावं.