प्लेटेवर आकडा आहे की, काटा कशाला?

वेटलिफ्टिंगचा जुना ऑलिंपिक रॉड आणि वजनाच्या प्लेटा घ्यायच्या म्हणताय? घ्या की भावा! कोल्हापुरात जिम उघडायला आणि बंद पडायला वेळ लागत नाही, माल बक्कळ आहे. फक्त विकणाऱ्याचं मन दुखावू नये एवढं बघा.

जाहिरातीत 'एकदम कडक कंडिशन' लिहिलं असेल तर फोटो मागू नका.

'फायनल किती?' असं विचाराल तर आधी 'दोन गिऱ्हाइकं टोकन घिऊन बसल्यात' हे ऐकून घ्या. ती गिऱ्हाइकं वर्षभर तिथंच बसलेली असतात.

रॉड सपाट फरशीवर ठेवून लोटून बघू नका. सरळ रॉड गुमान घरंगळतो, वाकलेला प्रत्येक वेढ्याला उडतो, आणि मालकाला उगीच 'वजन टाकलं की सरळ हुतंय' असं सांगावं लागतं. प्लेटा चढवायची टोकाची नळीही फिरवून बघू नका. ती जाम असली तर क्लीन मारताना, म्हणजे बार झटक्यात खांद्यावर घेताना, प्लेटांचा सगळा पीळ मनगटावर येतो. येऊ दे, मनगटं दोन आहेत.

५० मिलिमीटरच्या टोकावर इंची भोकाच्या प्लेटा चढत नाहीत, हे घरी गेल्यावरच कळू द्या.

ताजा काळा रंग दिसला तर नखानं खरवडू नका. खाली वेल्डिंग असलं तर तो त्यांचा घरगुती मामला आहे.

आणि जीव गेला तरी वजनाच्या प्लेटेचं वजन करू नका! गेल्या रविवारी शहराबाहेरच्या एका बंद जिमच्या गाळ्यात मी ते केलं. 'वीसची जोडी' दोन हातांत धरली, तर डावी हलकी लागली. शेजारीच भंगारवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. म्हटलं, ठेवूया. मालकाचा चेहराच उतरला. 'काटा कशाला लागतोय? वर आकडा हाय की!' ठेवली. एक भरली १७.९ किलो, दुसरी १९.४. भंगारवालासुद्धा हसला. मालक म्हणतो, 'जुनी हाय, झिजली असंल.' झिजली? ओतीव लोखंड आहे का अंगाचा साबण? दोन किलो लोखंड झिजून गेलं कुठं? स्पर्धेतल्या २० किलोच्या प्लेटेला नियमानं २० ग्रॅम जास्त किंवा १० ग्रॅम कमी एवढीच सूट असते. तेवढं काटेकोर माप तुमच्याकडं कोण मागतंय? साध्या ओतकामात पाव-अर्धा किलो इकडंतिकडं होतं, आम्ही गप्प बसतो. पण गाव कुठलं हे? उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या ओतकाम कारखान्यांचं! गाड्यांचे सुटे भाग मापात ओतून परदेशी धाडणारं गाव, आणि इथं २० किलोची जोडी दीड किलोनं वाकडी! बरं, भाव कसा? किलोवर. कुठल्या किलोवर? लिहिलेल्या! भंगारवाला काट्यावर घेतो आणि हे आकड्यावर विकतात. वर मलाच ऐकवलं, 'एवढी चिकित्सा करायची तर नवीनच घ्यावं माणसानं.'

बास झाली मस्करी. विकणाऱ्यांनो, हा माल घेतं कोण, माहीत आहे ना? कुरुंदवाडच्या गणेश माळी आणि चंद्रकांत माळी यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये ब्राँझ आणलं, तसं आपणही काहीतरी करावं म्हणून खेड्यातलं पोरगं ऊसतोडीच्या, दुधाच्या पैशातनं शिल्लक टाकून येतं. नवा सेट परवडत नाही म्हणूनच तुमच्या दारात येतं. मग एका बाजूला दीड किलो जादा घेऊन ते डोक्यावर स्नॅच धरतं, बार एकीकडं ओढतो, आणि कोच त्यालाच शिव्या घालतो. त्यालाही वाटतं आपलंच तंत्र चुकतंय. खांदा निखळला, मणका सरकला, तर सीपीआर दवाखान्याच्या रांगेत तुम्ही उभे राहणार आहात काय?

लाज वाटू द्या जरा. रॉड वाकलाय तर वाकलाय म्हणून लिहा. त्यालाही शेडच्या गजाच्या भावात कोणीतरी घेईल. प्लेट काट्यावर ठेवा, काट्याचा आकडा दिसेल असा फोटो टाका आणि जेवढी भरली तेवढ्याचेच पैसे मागा. काटा नसेल तर शेजारच्या भंगारवाल्याकडं मागा, तो नाही म्हणत नाही.