'होय' दाबा, मोकळे व्हा

तुम्ही विंडोजवर काहीतरी इन्स्टॉल करायला बसलेले असता. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट अशी छान लय लागलेली असते, आणि ऐन रंगात अख्खा पडदा काळवंडतो. मधोमध एक चौकट उगवते: या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे आहेत का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. आता मला सांगा, ज्याला बदल नको असतील तो माणूस इन्स्टॉल करायला बसेलच कशाला? प्रश्नच मुळात अपमानास्पद आहे. मशीन आपलं, वीजबिल आपलं, आणि परवानगीही आपणच आपल्याला द्यायची! तेव्हा या चौकटीचा बंदोबस्त कसा करावा, याबद्दल एक अनुभवी माणूस म्हणून मी तुम्हाला चार गोष्टी सांगणार आहे. अनुभव कसला, ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तो सुवर्णकाळ होता. घरातला प्रत्येक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि त्याने उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅमही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. म्हणजे मशीनमध्ये हवं ते बदलायचा पूर्ण अधिकार. कुणी कुणाला काही विचारत नसे. व्हायरससुद्धा विचारत नसत. मग २००७ मध्ये व्हिस्टा नावाचं पुढचं विंडोज घराघरांत पोचलं आणि यूएसी, म्हणजे युझर अकाउंट कंट्रोल नावाचा हा चौकशी अधिकारी दारात येऊन बसला. उठता बसता प्रश्न. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने आरएसए नावाच्या संगणक-सुरक्षा परिषदेत जाहीरपणे सांगून टाकलं की आम्ही हे लोकांना वैताग यावा म्हणूनच केलंय. सापडला की नाही चोर? त्याचं पुढचं म्हणणं असं, की लोक वैतागले म्हणजे ऊठसूट अ‍ॅडमिनचे अधिकार मागणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर दबाव येईल आणि त्या सुधारतील. पण इतकं पुढचं ऐकत बसायला आपल्याला वेळ कुठे असतो?

२००९ च्या विंडोज ७ ने मात्र आपली दया येऊन एक सरकपट्टी दिली. चार पायऱ्यांची. ती अजूनही आहे. स्टार्टमध्ये यूएसी टाइप केलंत की सापडते. पट्टी मुळात वरून दुसऱ्या पायरीवर असते. माझा कळकळीचा सल्ला: ती वरच्या टोकाला, 'नेहमी सूचना द्या' वर, कधीही नेऊ नका. कारण ऐका. दुसऱ्या पायरीवर विंडोजचे स्वतःचे, मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेले काही प्रोग्रॅम न विचारता पूर्ण अधिकार घेतात. घरचेच ते, त्यांना काय विचारायचं! आता बाहेरचा एखादा लबाड प्रोग्रॅम या घरच्यांच्या खांद्यावर बसून आत येतो, ही गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये फोडहेल्पर नावाच्या विंडोजच्याच एका गरीब फाइलचा असा वापर उघड झाला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद फिरवायची, फोडहेल्पर चालवायचा, आणि त्याच्या हातून आपलं काम पूर्ण अधिकारात उरकून घ्यायचं. चौकट नाही, प्रश्न नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. पट्टी वरच्या टोकाला असली की घरच्यांनाही विचारणा होते आणि यातल्या बहुतेक युक्त्या तिथेच अडकतात. म्हणजे तुम्हाला पुन्हा चौकट! नकोच ते.

पडदा काळवंडतो त्याचाही अनेकांना त्रास होतो. डोळ्यांवर अंधारी आल्यासारखं वाटतं. खरं तर तो नुसता अंधार नसतो. चौकट वेगळ्याच, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडलेली असते आणि मागे दिसतो तो तुमच्या पडद्याचा काढलेला फोटो. त्या डेस्कटॉपवर तुमच्या बाकीच्या प्रोग्रॅमना पाय ठेवता येत नाही. त्यांना चौकटीवर खोटं बटण रंगवता येत नाही, की तुमच्या वतीने परस्पर क्लिकही मारता येत नाही. इतका सोवळेपणा कशाला? पट्टी आणखी एक पायरी खाली आणा, अंधार गेला. अगदी तळाला आणा, चौकटही गेली. सुंठेवाचून खोकला गेला.

आता खात्याचं बघू. विंडोज बसवताना पहिलं खातं अ‍ॅडमिनचं होतं. ते तसंच ठेवा आणि सगळ्या कुटुंबाला त्यातच नांदू द्या. काही चिकित्सक लोक रोजच्या कामाला साधं, म्हणजे स्टँडर्ड खातं काढतात आणि अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, लांबलचक पासवर्ड लावून बाजूला ठेवतात. यांचा युक्तिवाद असा: अ‍ॅडमिन खात्यात शिरलात की विंडोज तुम्हाला दोन ओळखपत्रं देतं, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. दुसरं खणात असतं, आणि 'होय' म्हणजे त्या खणाची किल्ली. किल्ली खणालाच लटकवलेली. स्टँडर्ड खात्यात तो खणच नसतो, तिथे नुसत्या 'होय'ने भागत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहावा लागतो. यातला धोका तुमच्या लक्षात आला का? पासवर्ड लिहायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करू शकतो.

याहून टोकाची मंडळी अ‍ॅडमिन खात्यातही पासवर्ड मागायला लावतात. रजिस्ट्रीत पॉलिसीज आणि त्याखाली सिस्टम अशा फोल्डरमध्ये 'कन्सेन्टप्रॉम्प्टबिहेव्हिअरअ‍ॅडमिन' नावाची नोंद असते (एका श्वासात म्हणून दाखवा). तिची किंमत मुळात ५. तिथे १ लिहिलं की सुरक्षित डेस्कटॉपवर दर वेळी पासवर्ड. शून्य लिहिलं की कसलीच विचारणा नाही. १ आणि ० मध्ये फरक तो केवढा, एकाचाच. एवढ्यासाठी काय भांडायचं! शून्यच लिहा.

चौकटीवर जो मजकूर असतो तो वाचायचा नसतो, हे वेगळं सांगायला नकोच. तरी ज्यांना चित्रं बघायची हौस आहे त्यांच्यासाठी रंग आहेत. चौकटीच्या माथ्यावर निळी पट्टी म्हणजे प्रोग्रॅमवर ओळखीच्या प्रकाशकाची डिजिटल सही आहे. पिवळी म्हणजे प्रकाशक अज्ञात. निळी दिसली की डोळे मिटून 'होय'. सही केवळ 'कुणाचं' ते सांगते, 'कसं' ते सांगत नाही, असा फाटा कुणी फोडलाच तर दुर्लक्ष करा. २०१० साली सापडलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हर फाइलवर रिअलटेक या चिप कंपनीची अस्सल सही होती. चोरलेल्या किल्लीने केलेली, पण अस्सल! आणि पिवळी दिसली तर? तरीही 'होय'. पिवळा हा मुळात प्रसन्न रंग आहे.

आता माझा अनुभव. एकदा रात्री मला एक पीडीएफ फाइल वर्डमध्ये हवी होती. फुकटचा कन्व्हर्टर शोधला, डाउनलोड नावाची सहा हिरवी बटणं होती, त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं. चौकट आली. पिवळी. प्रकाशक अज्ञात. 'अधिक तपशील' उघडलं असतं तर दिसलं असतं की फाइल टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरातून चालतेय आणि तिच्या नावात कन्व्हर्टर हा शब्द औषधालाही नाही, नुसती अक्षरं आणि आकडे आहेत, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखे. पण मी 'अधिक' च्या भानगडीत पडत नाही. 'होय' दाबलं. पीडीएफ काही वर्डमध्ये आली नाही. पण ब्राउझरचं मुखपृष्ठ बदललं, तीन टूलबार मिळाले, आणि दर दहा मिनिटांनी माझं मशीन धोक्यात असल्याचं मला कळवणारा एक हितचिंतकही लाभला. त्याला हाकलता हाकलता रविवार गेला, सोमवारी विंडोजच नव्याने टाकावं लागलं. पण लय मोडली नाही, हे महत्त्वाचं.

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनी फार हसू नये. त्यांचा सुडो, म्हणजे पूर्ण अधिकार मिळवून देणारी आज्ञा, १९८० च्या सुमारास जन्मलेला आणि पासवर्ड मागणारा, तरी उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात एकदा दिला की त्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पंधरा मिनिटं पुन्हा विचारत नाही. तो अवधी शून्य करता येतो, पण मी म्हणतो, उलट्या दिशेने जा: सुडोअर्स या त्याच्या नियमांच्या फाइलमध्ये आपल्या नावापुढे नोपासवर्ड लिहून टाका. आणि सुडोला 'इन्सल्ट्स' नावाचा एक पर्याय आहे, तो चालू केला की पासवर्ड चुकल्यावर तो तुम्हाला चक्क टोमणे मारतो. तेवढी एकच सोय मला मनापासून पटते.

एक राहिलं. कुणी तुम्हाला फोटो गमावण्याची भीती घालेल. तर आपले फोटो कुलूपबंद करून खंडणी मागायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतच नाहीत. जे तुम्ही उघडू शकता ते तुमच्या साध्या खात्यात चालणारा प्रोग्रॅमही उघडू शकतो. चौकट तिथे मुळात येतच नाही. मग बॅकअप? जरूर घ्या. आणि बॅकअपची डिस्क मशीनला कायम जोडून ठेवा, म्हणजे खंडणीवाल्याला शोधाशोध नको.

इतकं सगळं ठरवून, निभावून, माझ्याच घरात माझ्यावर काय वेळ आली ते सांगतो. मागे भाची राहायला आली होती. जाताना तिने माझं खातं स्टँडर्ड केलं, पट्टी वरच्या टोकाला नेली, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड एका पाकिटात घालून कपाटात अशा जागी ठेवला की स्टूल घेतल्याशिवाय हात पोचू नये. म्हणाली, "मामा, लागला तर आधी मला फोन कर."

परवा पडदा काळवंडला. मी स्टूल ओढलं, पण गुडघा कुरकुरला म्हणून फोनच केला.

"काय इन्स्टॉल करतोयस?"

"काहीच नाही. मेल वाचत होतो."

"मग चौकटीवर नाव काय आहे? वाच."

वाचलं. वाचता येण्यासारखं नव्हतं, म्हणून एकेक अक्षर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मामा, ते दुसरं बटण दाब."

दाबलं. चौकट निघून गेली, पडदा उजळला, मेल होती तिथेच होती. इतक्या वर्षांत मला कल्पनाच नव्हती, ते बटणही चालतं.