उपाशी ठेवायचं झाड

जुलै लागला की जळगावात दोन प्रकारचे स्टेटस पडायला लागतात, एक म्हणजे हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि दुसरं म्हणजे कुणाच्यातरी गॅलरीत ब्रह्मकमळ उमललं. रात्री साडेअकराचा फोटो असतो, फ्लॅश मारलेला, मागे गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू हात जोडून उभ्या, आणि खाली 'आज आमच्याकडे सात फुलं'. सात म्हणे! आमच्याकडे त्याच झाडाला येतात ते फक्त दांडे. लांबच लांब, हिरवेगार, तब्येतीने मस्त दांडे, लग्नाच्या गाडीत खिडकीतून पोरं हात बाहेर काढून नाचतात ना तसे ते गॅलरीच्या ग्रिलमधून बाहेर आलेले. फुलाचं नाव नाही.

धुळ्याच्या नणंदेने ओल्या पेपरात गुंडाळून एक पान दिलं होतं, त्याचं हे झाड. ते पानही खरं तर पान नसतं, चपटं झालेलं खोड असतं, पण धुळ्याहून एसटीत मांडीवर घेऊन आलेल्या वस्तूला खोड कोण म्हणणार. आणि हे हिमालयातलं ब्रह्मकमळही नाही. ते उत्तराखंडचं राज्यफूल, बर्फाच्या जवळपास उगवणारं, आपल्या गॅलरीत एक दिवस टिकायचं नाही. हे आपलं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं निवडुंग, एपिफायलम. मी मोठ्या हौसेने हे सगळं सासूबाईंना सांगायला गेले तर त्यांनी विचारलं, "मेक्सिको कितलं दूर शे?" म्हटलं खूप दूर, समुद्रापलीकडे. "मंग इतलं दूरथून उनं, त्याले पानी नको पाजू?"

इथेच सगळा घोळ आहे. कारण हे झाड फुलवायचं असेल तर त्याला उपाशी ठेवावं लागतं आणि आमच्या घरात, आमच्याच काय अख्ख्या खान्देशात, कुणाला उपाशी ठेवणं जमत नाही. गॅसवाला सिलेंडर ठेवून निघाला तरी त्याला विचारतात, शेवभाजी आहे, दोन घास खाऊन जा.

मला हे नर्सरीवाल्याने सांगितलं. मी दांड्यांचा फोटो दाखवला तर तो हसलाच. "ताई, लाड जास्त होताय याचे. थंडीत पाणी तोडा." मग त्याने समजावलं की हे जंगलात जमिनीवर वाढतच नाही, मोठ्या झाडाच्या बेचक्यात बसतं, तिथे माती म्हणजे काय तर कुजलेला पालापाचोळा, पाऊस आला तर पाणी, नाही आला तर नाही. ते कोरडे महिने काढले की मग याला फुलायचं सुचतं. बारा महिने पोटभर मिळालं तर ते कशाला फुलेल, वाढत बसेल नुसतं. कुंडीही मोठी करायची नाही, मुळं दाटली पाहिजेत. ऊन सकाळचं कोवळं तेवढंच.

तर डिसेंबरपासून मी पाणी तोडलं. कुंडीत बोट घालून बघायचं, वरची माती पार सुकली असेल तरच घोटभर, नाहीतर काही नाही. आणि माती सुकायलाच तयार नाही! थंडी कोरडी, गॅलरीत वारा, तरी कुंडी रोज ओली. मी मातीला दोष दिला, कुंडीच्या भोकाला दोष दिला, मग एक दिवस त्यात शिजलेल्या भाताची दोन शितं सापडली.

सासूबाईंचं म्हणणं एकदम क्लिअर होतं. "झाडले उपाशी ठेवस का कोन्ही?" तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, गाळलेली चहापत्ती, भांडं विसळलेलं ताक, सगळं त्याच्या पोटात जात होतं, आणि भांडेवाली मावशीही त्यांच्याच पार्टीत, ती जाताना बादलीत उरलेलं पाणी हळूच ओतून जायची. मी कुंडीवर कागद चिकटवला, 'पाणी घालू नये'. दुसऱ्या दिवशी माती परत ओली. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, पाणी कुठे घातलं, ताक घातलं.

नवऱ्याला मध्ये घालून बघितलं. तो म्हणाला तुम्ही दोघी ठरवा, आणि मोबाइल घेऊन आत गेला.

त्यात समोरचे जिभाऊ. चोपड्याकडे त्यांची केळीची बाग आहे आणि माणूस दिलदार आहे, हा त्यातला प्रॉब्लेम. झाड बघून म्हणाले, "थोडा युरिया टाकी दे, मंग देख." आता युरिया म्हणजे नुसतं नत्र, त्याने अजून दांडे फुटणार, मी हे बोलले तर त्यांना वाटलं माती हलकी असेल, आणि पुढच्या फेरीत ते शेतातल्या काळ्या मातीची गोणीच घेऊन आले. काळीभोर, कसदार, कापसाला आणि केळीला तिच्यासारखी दुसरी माती नाही. पण ती पाणी धरून बसते आणि या झाडाच्या मुळांना हवा लागते, कोकोपीट, विटांचे तुकडे, कोळशाचे खडे असं भुसभुशीत. काळ्या मातीत ते महिनाभरात सडेल. पण शेतातून आपल्यासाठी आणलेली माती परत कशी देणार सांगा. ती सगळी कढीपत्त्याला घातली. कढीपत्ता इतका माजलाय की कॉलनीतला प्रत्येक जण फोडणीच्या आधी आमच्याकडे येतो. जिभाऊंना वाटतं ब्रह्मकमळही त्यातच आहे आणि ते अधूनमधून खालूनच ओरडून विचारतात, "माती कशी शे?" मी म्हणते एक नंबर. खोटं नाही त्यात काही.

त्यांचा एक सल्ला मात्र मी घेतला, झिरो बावन्न चौतीस. हे खत आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहिती असतं, ०:५२:३४, म्हणजे नत्र शून्य आणि स्फुरद-पालाश भरपूर, केळीला ड्रिपमधून देतात. लिटरभर पाण्यात चिमूटभर, थंडी सरल्यावर अधूनमधून. सासूबाईंना ते खताचं पाणी आवडलं, काहीतरी खाऊ घालताय म्हणून.

आणि मग आला मे. जळगाव-भुसावळचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, बाहेरच्यांनी एवढंच समजावं की पारा ४५ ओलांडतो आणि गॅलरीतल्या नळाला गार पाणी रात्री बारालाही येत नाही. झाडाचे दांडे लालसर, मग पिवळे व्हायला लागले. जंगलात सावलीत राहणारं ते, त्याला आमचं ऊन कसं सोसणार, म्हणून हॉलमध्ये खिडकीजवळ घेतलं, कुलरच्या वाऱ्याच्या कडेला. ती जागा नवऱ्याची होती. तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला घामाघूम बसून म्हणाला, मलाही पाणी तोड म्हणजे मीही फुलेन. हे बोलताना त्याच्या हातात पन्ह्याचा ग्लास होता.

पहिला पाऊस पडल्यावर झाड परत गॅलरीत गेलं आणि काही दिवसांनी दांड्याच्या कडेला, जिथे खाच असते ना तिथे, लालसर ठिपका दिसला. आता हा ठिपका कळी आहे की नवा कोंब हे सुरुवातीला ओळखू येत नाही, दोन्ही सारखेच. मी चष्मा लावून सकाळ-संध्याकाळ बघायचे. चपटा झाला तर दांडा, लांबट होऊन खाली लोंबला तर कळी. लोंबल्या! चांगल्या पाच लोंबल्या. एकदा कळी धरली की कुंडी जागची हलवायची नाही, फिरवायची नाही, नाहीतर ती रुसून गळते. तर पुतण्या आला आणि रीलसाठी उजेड चांगला पाहिजे म्हणून त्याने कुंडीच गोल फिरवली. चार गळल्या. त्याने माफी मागितली, रील मात्र टाकली.

उरली एक. तिचा देठ आधी खाली लोंबला, मग हुकासारखा वळून वर आला, कळी फुगली, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई नेमकी कानबाईच्या रविवारी उमलणार. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते. गावच्या घराचं काम निघालेलं त्यामुळे या वर्षी कानबाई आमच्याकडे, म्हणजे भुसावळ, पारोळा, अमळनेर सगळीकडचे भाऊबंद आमच्याकडे, म्हणजे रोट, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, आणि गॅलरीत उभं राहून हात धुणारी निदान वीस माणसं. हात कुठे धुणार? कुंडीत. मी दिवसभर पुरण वाटायचं सोडून त्या झाडापुढे स्टूल टाकून बसले. एका चुलत सासूबाईंनी विचारलं, सून उपासाला बसली का?

पण एक फायदा झाला. एरवी या फुलासाठी माणसं जागी ठेवायची म्हणजे शिक्षा असते, चहा करा, गप्पा मारा, अकराला शेजारच्या काकू सोफ्यावरच घोरायला लागतात. कानबाईला जागरण असतंच. आत गाणी, फुगड्या, बाहेर मी. आठच्या पुढे कळीचं टोक सैल झालं आणि मग खरंच डोळ्यांदेखत हलायला लागली, एकेक पाकळी मागे. तेवढ्यात लाइट गेली. काळोखात पहिल्यांदा वास आला आणि आतल्या फुगड्या थांबल्या, सगळ्या बायका मोबाइलचे टॉर्च घेऊन गॅलरीत. "हाई काय फूल शे व माय!" वीतभर फूल, पांढरं, आत दोऱ्यांचा झुबका. स्वतःच्या गावी, तिकडे मेक्सिकोत, हे रात्रीच्या पतंगांसाठी सजतं, इथे वीस टॉर्च आणि एक व्हिडिओ कॉल. कुणी म्हणालं तोडून कानबाईला वाहा, कुणी म्हणालं सकाळपर्यंत कोमेजतं ते, आत्ताच तोडा, वादच सुरू झाला. सासूबाईंनी त्याला झाडावरच हळदीकुंकू लावलं आणि विषय संपवला.

आणि मग कुणीतरी विचारलं, एवढं मोठं फूल कसं काय आलं हो?

मी तोंड उघडलं. थंडीतलं पाणी, दाटलेली कुंडी, ०:५२:३४, सगळं ओठावर होतं. सासूबाई म्हणाल्या, "ताक."

सोमवारी विसर्जन करून सगळे निघाले तेव्हा प्रत्येकीच्या पिशवीत एकेक पान होतं. सासूबाईंनी स्वतः कापून दिली, चांगली जुनी, जाड बघून, म्हणजे ज्यांना पुढच्या वेळी कळ्या धरल्या असत्या नेमकी तीच. कापलेलं टोक दोन-चार दिवस सुकवून मग लावा, एवढं एक मी दारातून ओरडले, ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

आता भुसावळच्या मामींचा फोन येतो. झाड लागलंय, जोरात आहे, पण नुसतेच दांडे फुटतात, काय करू गं? मी त्यांना सांगायला लागते की हे बघा मामी, तुम्ही आधी काय करा, त्याला काहीच देऊ नका, तोवर सासूबाई माझ्या हातातून फोन घेतात.

"ताक कमी पडी राह्यनं व्हई."