रंकाळ्याचा कट्टा आणि सुन्याचा कॅम्पर

गाडीमागं जोडून न्यायच्या कॅम्पर ट्रेलरसाठी, म्हणजे चाकांवरच्या छोट्या खोलीसाठी, सुन्यानं शेवटी ॲडव्हान्स दिलाच. ते कळल्यावर काल संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय निघालाच नाही.

"६०० किलोचा हाय फक्त," सुन्या मोबाईल नाचवत म्हणाला. "आत गादी, मागं किचन. रील बघ की, माझ्यासारख्याच छोट्या एसयूव्हीला लावून आल्प्स चढालाय!"

"आल्प्सजवळ मी राहतो का तू?" अव्या म्युनिकहून सुट्टीवर आलाय. "तिकडं गाडीच्या कागदावर किती किलो ओढायचं ते छापलेलं असतं. १२ टक्के चढावर ट्रेलरसकट थांबवून परत उचलतीय का बघतात, मग आकडा देतात. हुकावर वरून भार किती, ते वेगळं. माझ्या गाडीला ७५ किलो. ऑटोबानवर, म्हणजे तिकडच्या हायवेवर, बाकीचे विमानागत सुटत्यात, ट्रेलरवाल्याला ताशी ८०ची मर्यादा. ताशी १००नं जायच्या परवानगीचं स्टिकर पाहिजे तर ट्रेलरचे टायर ६ वर्षांच्या आतले लागतात."

"त्यांच्याकडं नियम, आपल्याकडं जिगर!"

बापूनं त्याला गाडीतलं मॅन्युअल आणायला लावलं. पुस्तकाची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मी वाचून दाखवलं: ट्रेलर ओढण्यासाठी ही गाडी वापरू नये.

"कंपनीवाले भित्रे," सुन्या म्हणाला. "आमचा वेल्डर उसाच्या ट्रॉल्यांची हुकं करतोय."

बापूनं वीस हंगाम ऊस ओढलाय. तो शांतपणे म्हणाला, "ट्रॅक्टरचं हुक लोखंडाच्या धुडाला असतंय, लेका. तुझ्या गाडीला चासी न्हाई, नुसती पत्र्याची बॉडी. वेल्डर हुक लावंल, पत्रा कोण धरंल?"

मग त्यानं चहात बोट बुडवून कट्ट्याच्या फरशीवर बैलगाडी काढली. चाक, साटा, धुरा, जू. "वझं मागं गेलं की गाडी उलाळ. जू वर उचलतंय, बैलाच्या गळ्याला फास. तुझं किचन कुठं? मागं. पाण्याची टाकी?"

"मागंच."

"झालं की. हुक हलकं झालं की ट्रेलर शेपटी हलवाय लागतोय आणि शेपटी कुत्र्याला घेऊन जातीया."

अव्या म्हणाला, हाच तिकडच्या पुस्तकातला पहिला धडा. ट्रेलर डुलायला लागला की ब्रेकवर उभं राहायचं नाही, स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. अमेरिकेत तर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवा म्हणतात. म्हणजे सुन्याच्या हुकावर निदान घरचे दोन भरलेले गॅस सिलिंडर. "आणि ६०० रिकामा ना? १०० लिटर पाणी भरलंस की ७००. ७५०च्या वर तिकडं ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा हाय."

ब्रेक म्हटल्यावर करूळचा घाट निघणारच होता. डिझेल वाचवायला सुन्यानं न्यूट्रलमध्ये उतरवलेली जीप, चाकांतून आलेला धूर. मी मागच्या सीटवर होतो. तो जळका वास अजून नाकात आहे. घाट ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचा, हे त्या दिवशी कळलं. तेव्हा मागं काहीच जोडलेलं नव्हतं. आता बिनब्रेकचा ट्रेलर ढकलत असणार, म्हणून मला बापूचं शंभर टक्के पटलं आणि मी तसं बोललोही.

"अजून तेच उगाळतोय ह्यो! त्या दिवशीची मिसळ मी दिली हुती."

"दिली न्हाईस, लिहून ठेवाय सांगितलंस," बापू म्हणाला. "आणि ट्रेलरचं पासिंग? कायद्यानं ती पण गाडीच. नंबर वेगळा, इन्शुरन्स वेगळा."

"मग काय बैलगाडी घिऊ?"

"बैल न्हाई यायचा तुझ्यासंगं. उलाळ गाडी त्याला कळतीया."

चिडून सुन्या उठला आणि त्याचा ग्लास कलंडला. चहा फरशीवरून वाहत गेला आणि चित्रातली गाडी धुऱ्यासकट पुसली गेली.

"बघ," बापू म्हणाला, "हुक लावायच्या आधीच दरीत."

सुन्यासुद्धा हसला. ॲडव्हान्स परत मिळतोय का, ते आज विचारणार आहे.