‘लंडनला जाऊन मेतकूट-भात?’: एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार डोंबिवलीकर,

तुमचं खरं नाव माहीत नाही, तुम्ही सही केलीत तीच हाक मारते. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली, तर शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘बरोबर तर बोलतायत ते.’’ मग दोन दिवस काही लिहिलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२५च्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई (त्यांना मी आई म्हणते), आठ दिवस लंडनला होतो. ‘चौघांचा रोजचा खर्च शंभर पाउंडांत कसा बसवला’ असा लेख मी त्यावर लिहिला. त्याखाली तुम्ही चार आक्षेप घेतलेत. हिशेब फसवा आहे. लंडनला जाऊन मेतकूट-भात शिजवणं हा कद्रूपणा आहे आणि त्याने आपली शोभा होते. म्हाताऱ्या बाईला बसने हिंडवून काय मिळवलंत? आणि तूप न्या असं लोकांना सांगताय, ते चालतं तरी का?

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तिथे मला बोलायला जागाच नाही. भारतातून ब्रिटनमध्ये प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप त्यात आलं, पेढे-बर्फीही आली. आमचा डबा कोणी उघडून बघितला नाही एवढंच, आणि त्यावरून मी ‘तूप आवर्जून न्या’ असं लिहून मोकळी झाले. ते वाक्य काढलं आहे. तिथल्या मोठ्या सुपरमार्केटांत तूप सर्रास मिळतं, वेम्बली-साउथॉल या भारतीय वस्तीच्या भागांत तर दुकानांच्या रांगाच आहेत. चिवडा, मेतकूट, डाळ-तांदूळ, मसाले यांना आम्हाला काही अडचण आली नाही.

आता हिशेब. शंभर पाउंड म्हणजे फिरणं आणि खाणं. त्यात तिकिटं धरली नव्हती, हे लेखात एका कंसात होतं. कंसात होतं, म्हणजे लपवलंच होतं. पूर्ण आकडा मांडते. आठ दिवसांचे आठशे पाउंड. टॉवर ऑफ लंडनला मोठ्या माणसाला पस्तीस पाउंडांच्या वर तिकीट आहे, मुलाला निम्मं. चौघांचे मिळून सव्वाशे गेले. एका संध्याकाळी नाटक पाहिलं, त्याचे एकशे तीस. एकूण एक हजार पंचावन्न, म्हणजे दिवसाला एकशे बत्तीस पाउंड. तेव्हाच्या भावाने साधारण पंधरा हजार रुपये रोज, चौघांचे. राहणं आणि विमान वेगळं. व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५मध्ये ११५ पाउंडांवरून १२७ झालं आणि आमचा अर्ज नेमका त्यानंतर गेला. लहान मुलालाही तेवढंच पडतं. चौघांचे ५०८ पाउंड मुंबई सोडायच्या आधीच गेले. तेव्हा शंभर पाउंडांचा मथळा वाचून कोणी हुरळून गेलं असेल तर दोष माझाच.

पण हिशेब चुकला म्हणून रीतही चुकली, हे मात्र मला मान्य नाही.

‘टॅक्सीने फिरायला हवं होतं, नाहीतर मेट्रोने’ असं तुम्ही लिहिलंत. लंडनच्या प्रवासाच्या भाड्यात एक गंमत आहे, ती कळली की दिवसभराचं गणितच बदलतं. तिथे दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. कार्ड टेकवत जायचं. पहिल्या दोन झोनमध्ये, म्हणजे शहराच्या मधल्या भागात, माणशी ८.९० पाउंड झाले की त्या दिवशी पुढचं सगळं फुकट, मग ट्यूबने (तिथल्या मेट्रोने) जा नाहीतर बसने. नुसत्या बसनेच फिरलात तर ही मर्यादा ५.२५वर येते. बसचं एक भाडं १.७५, पण पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदला, दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. (हे सगळे दर २०२५चे आहेत, दरवर्षी बदलतात. जायच्या आधी बघून घ्या.) अकरा वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर बसमध्ये आणि ट्यूबमध्येही फुकट. म्हणजे चिरंजीवांसकट आमचा दिवसाचा प्रवास जास्तीत जास्त २६.७० पाउंड. ही काटकसर नाही हो, हा तिथल्या लोकांचा रोजचा रिवाज आहे.

बसमध्ये रोख पैसे २०१४पासून घेतच नाहीत. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं नाही चालत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही सुरू करून ठेवा. आणि नवरोबांनी केलं ते करू नका: ट्यूबमध्ये शिरताना फोन टेकवला, बाहेर पडताना तेच कार्ड पाकिटातून काढून टेकवलं. यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं झाली, दोघांचेही प्रवास अर्धवट, आणि दोघांनाही सगळ्यात जास्तीचं भाडं. खातं एकच असलं तरी फोन निराळा आणि प्लास्टिक निराळं.

कार्डाचंच निघालं आहे तर, तुमच्या प्रतिक्रियेत नसलेलं, पण मला मेतकुटाहून महत्त्वाचं वाटणारं सांगते. आपल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशात साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लागतो, आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे शेकडा चारच्या वर. हजार पाउंडांवर एकेचाळीस पाउंड, काहीही न खाता, काहीही न पाहता गेले. आकार कमी असलेलं कार्ड शोधायला घरबसल्या अर्धा तास पुरतो. दुसरा सापळा दुकानातल्या यंत्रावर असतो. कार्ड घातलं की ते अदबीने विचारतं, रुपयांत देता की पाउंडांत? रुपये दिसले की आपल्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. दाबायचं मात्र पाउंडच. रुपये दाबलेत की भाव दुकानदाराच्या बाजूचा लागतो, आणि तो आपल्या फायद्याचा मी तरी पाहिलेला नाही.

आता मेतकूट-भात. इथे मी जरा भांडणारच आहे.

‘घरचंच खायचं तर घरीच बसायचं’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही सहलीत कोणीतरी बोलतंच. आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा मुद्दाम घेतली होती, मध्यवस्तीपासून थोडी लांब. सकाळी दूध, पाव, अंडी, फळं, चौघांचे मिळून आठ पाउंड. दुपारी जिथे असू तिथे. लंडनमध्ये जवळपास प्रत्येक सुपरमार्केटात एक सँडविच, एक खाऊ आणि एक पेय असं ठरावीक भावात एकत्र मिळतं, चार पाउंडांच्या आतबाहेर. दुपारी एक वाजता तिथले कोटबूटवाले लोक हेच घेऊन बागेतल्या बाकावर बसलेले दिसतात, कोणी गवतावर. त्यांच्या शेजारी बसून आम्ही आमचं खाल्लं. शोभा झाल्यासारखं कोणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. सायन्स म्युझियममध्ये तर आपला डबा खायला वेगळी जागाच ठेवलेली आहे.

आणि रात्री भात. आठपैकी पाच रात्री. यात पैसे वाचले हे खरं, पण ते कारण दुसरं. दिवसभर बारा-पंधरा हजार पावलं चालल्यावर रात्री साडेआठला, बाहेर अजून उजेड असताना, ज्याला गरम मऊ भात मिळाला आहे त्यालाच ते कळेल. चिरंजीव दोन दिवस सँडविचवर होते, तिसऱ्या रात्री मेतकूट-भात तीनदा मागून घेतला. (फोडणी मात्र जपून. पहिल्या रात्री जिरं-मोहरी तडतडली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही कोकलला की आई पदर खोचून बाहेर धावल्या. पुढचे सगळे दिवस वरण बिनफोडणीचं.) उरलेल्या तीन रात्री आम्ही बाहेर जेवलो, आणि चांगले जेवलो. त्यातल्या एका रात्रीचं बिल त्र्याहत्तर पाउंड होतं, त्यात सव्वाबारा का साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं. ते ऐच्छिक असतं, नको म्हणता येतं. आम्ही दिलं, हॉटेलातली मुलगी प्रेमाने वाढत होती. पाणी मात्र बाटलीतलं मागवू नका, नळाचं मागा. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या रेस्टॉरंटांना ते फुकट द्यावंच लागतं.

तुम्ही ‘शोभा’ हा शब्द वापरलात म्हणून एक आठवण. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. बाबासाहेब १९२१-२२मध्ये शिकत असताना तिथे राहिले. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि प्रवेशाला पैसे नाहीत. त्यांच्या लंडनच्या दिवसांतल्या अर्धपोटी राहण्याच्या, भाजलेल्या पापडाच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकलेल्या असतात. माझ्या भाताची त्या पापडाशी तुलना करणार नाही, ती फार उथळ होईल. ती ओढाताण होती, आमची चैन होती. पण त्या घरातून बाहेर पडल्यावर परदेशात हात आखडून राहण्याची लाज वाटायची असते, हे मला कोणी पटवू शकणार नाही.

फुकटाचं म्हणाल तर लंडन बेहिशोबी उदार आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टिपूचा लाकडी वाघ जिथे आहे ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सगळ्यांचे कायमचे संग्रह फुकट. ब्रिटिश म्युझियममधले, आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट पाहताना फुकट आहे याचं बरं वाटावं की वाईट, ते ज्याने त्याने ठरवावं. वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट महाग आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही जाऊन बसू शकतं. फोटो काढायचे नाहीत, इकडेतिकडे हिंडायचं नाही. आई म्हणाल्या, कीर्तनाला बसल्यासारखं वाटलं. खरेदीचं एक: पूर्वी परदेशी पाहुण्यांना विमानतळावर व्हॅटचे पैसे परत मिळायचे, ते २०२१पासून बंद आहे. जुन्या व्हिडिओंवर विसंबून पर्स घेऊ नका.

आता तुमचा तिसरा आक्षेप. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

पाचव्या दिवशी सकाळी ब्रिटिश म्युझियम झालं, दुपारी बाबासाहेबांचं घर. तिथून प्रिमरोझ हिल पाच-दहा मिनिटांवर. वरून अख्खं लंडन दिसतं, आणि तेही फुकट. हे ‘आणि तेही फुकट’ मी त्या दिवशी निदान चारदा म्हणाले असेन. आई अर्धी टेकडी चढल्या आणि बाकावर बसल्या. ‘‘तुम्ही जाऊन या, मी बसते.’’ आम्ही जाऊन आलो. परतताना नवरा म्हणाला, टॅक्सी करू. मी म्हणाले, कशाला, दोन बसा बदलल्या की दाराशी. आजच्या भाड्याची मर्यादा गाठलेली आहे, म्हणजे बस आता फुकट. पहिली बस रस्त्याच्या कामामुळे वळवलेली होती, तिने भलतीकडेच सोडलं. तिथून पुढच्या थांब्यापर्यंत चालायचं होतं. आई काही बोलल्या नाहीत. तुम्ही ओळखलंच असेल, आमच्याकडे त्या बोलल्या नाहीत की प्रकरण गंभीर असतं. शेवटी काळी टॅक्सी केलीच. बावीस पाउंड.

सहाव्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता. त्या दिवसभर खोलीवर, मीही त्यांच्याबरोबर. नवरा आणि मुलगा ग्रीनिचला जाऊन आले. मूळ लेखात त्या दिवसाबद्दल मी ‘निवांत दिवस, खर्च अवघा एकतीस पाउंड’ असं लिहिलं होतं. तुम्ही त्याच ओळीवर बोट ठेवलंत: ‘हा दिवस निवांत का होता, ते सांगाल का?’

सांगितलं. वर मांडलेल्या भावाने आमच्या दोघींचा मिळून साडेसात हजारांचा एक दिवस, शिवाय त्यांच्या आयुष्यातल्या लंडनच्या आठांपैकी एक, मी बावीस पाउंड वाचवायला गेले आणि घालवला. आणि ते बावीस पाउंड तरी कुठे वाचले!

लेखात दुरुस्ती केली आहे: मथळा बदलला, तिकिटं कंसाबाहेर काढली, तुपाचं वाक्य उडवलं, सहाव्या दिवसापुढे खरं कारण लिहिलं. मेतकूट-भात आहे तिथेच आहे. पुढच्या वर्षी सिंगापूरचं घाटतं आहे. त्यासाठी आईंनी आतापासून एक अट घातली आहे: टॅक्सीचे पैसे वेगळ्या पाकिटात राहतील, ते पाकीट त्यांच्या पर्समध्ये असेल, आणि त्यातून खर्च करताना मला विचारलं जाणार नाही.