कादंबरी दुसऱ्यांदा वाचायचीच असेल तर

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा वाचायची हुक्की आली, तर आधी मनाला समजवा. मास्तर येतो, गाव तालीम बांधतं, दुष्काळ पडतो, गाव उठून जातं. माहितीये की सगळं! १९५५ सालचं पुस्तक, नवीन काय निघणार त्यात?

शिवाय वेळ कुठाय? दीडशेच्या आतबाहेर पानं, रोज पंधरा वाचली तरी दहा दिवसांत खलास. पण नळाला पाणी यायची वाट बघत रात्री जागता, तो वेळ मोबाइलचा. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमधला डुलकीचा.

पुस्तक विकत घेऊ नका. वाचनालयाची वर्गणी भरलीय ना, मग ते आपलंच.

जेवताना वाचा. शेंगाचटणीचं तेल लागलं की पान आरपार दिसतं, एका दमात दोन पानं होतात.

हातात बॉलपेन हवंच. पेन्सिल नको, ती खोडता येते. रेघ अशी दाबून ओढा की पाठच्या पानावरही उमटली पाहिजे. समासात 'महत्त्वाचे', '१० गुण' असं लिहा, गोष्टीतल्या अंजीच्या नावापुढे बदाम काढा. मग पुस्तक उलटं मुडपून एका हातात धरा. नुसत्या डिंकावर चिकटवलेली बांधणी आपल्या सोलापूरच्या ४२ अंशांत आधीच कडक झालेली असते, कटकन मोडते आणि पानांची गड्डी हातात येते. तिला सेलोटेप मारा. दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते आणि काढायला गेलं की अक्षरं घेऊनच निघते. शेवटची पानं हवी असतील तर झेरॉक्सला कोण जातंय, फाडून न्या! परवा वाचनालयातून मिळालेल्या प्रतीत हेच झालंय. मेंढरं मरायला लागली आणि पुढे थेट मागचं कव्हर.

अरे, लाज कशी वाटत नाही? पहिल्यांदा वाचताना माणूस गोष्टीमागं पळतो. तालमीसाठी गाव राबतं, ते दुसऱ्या वाचनात खरं लागतं, कारण हे गाव ओस पडणार हे आता ठाऊक असतं. आणि ते ओस पडणंच तू फाडून नेलंस? कशासाठी, तर दहा गुणांसाठी! सांगोल्याच्या पलीकडचाच मुलूख आहे तो, परका नाही. झेरॉक्सला किती पडले असते? चहाच्या एका कपाएवढे.

पानं घरात असतील तर आणून दे. काउंटरवर ठेव आणि जा, नाव कोणी विचारत नाही. फक्त सेलोटेप लावून आणू नकोस, खळीनं बसवता येतात ती.