‘खुशीनं दिलं’ म्हणून लाचेचं बक्षीस होत नाही

महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळीकडच्या कर्मचाऱ्यांत एक मजकूर फिरत असतो. काम नियमात केलं, तोंडानं मागितलं नाही आणि काम झाल्यावर अर्जदारानं खुशीनं काही दिलं, तर ती लाच नव्हे. रक्कम किरकोळ असेल तर नाहीच नाही. आणि पकडलं तरी तक्रारदार फिरला की सुटका. नव्यानं लागलेल्या लिपिकानं यावर विसंबणं म्हणजे नोकरी पणाला लावणं, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

“काम तर नियमातच केलं.” भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम ७ ला २०१८ च्या दुरुस्तीनं जोडलेलं स्पष्टीकरण नेमकं याचंच उत्तर देतं. काम गैर झालेलं नसलं, तरी पगाराखेरीजचा लाभ घेणं किंवा मिळवायचा प्रयत्न करणं हाच गुन्हा. कायद्यातच उदाहरण आहे: शिधापत्रिकेचा नेहमीचा अर्ज वेळेत निकाली काढण्यासाठी ५,००० रुपये मागणारा लोकसेवक. अर्ज वेळेत काढणं हे त्याचं कामच होतं, तरी तो दोषी. म्हणजे घरपट्टीच्या नोंदीतलं नाव बदलण्याची फाइल कागदपत्रं पूर्ण होती म्हणून मंजूर केली, हा बचाव होत नाही. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, शिवाय दंड.

“मी मागितलंच नव्हतं.” सगळ्यात घातक समज हाच. नीरज दत्ता प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की देणाऱ्यानं स्वतःहून देऊ केलं आणि लोकसेवकानं ते घेतलं, तर आधी मागणी झालेली असण्याची गरज नाही. त्याच निकालानं तक्रारदार फितूर होण्याचा मुद्दाही निकाली काढला. तक्रारदार उलटला किंवा मरण पावला, तरी इतर साक्षीदार आणि परिस्थितीजन्य पुरावा यांवरून गुन्हा सिद्ध होऊ शकतो.

तो पुरावा कसा तयार होतो, हे नीट समजून घ्यायला हवं. तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी पडताळणी करतो. पंचांसमोर, व्हॉइस रेकॉर्डर लावून. मग नोटांचे क्रमांक लिहून घेतात आणि त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. नोटा घेतलेले हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होतं, ते बाटलीत भरून सीलबंद होतं आणि पंचनाम्यात येतं. नुसते हात रंगले म्हणून शिक्षा होत नाही, हे खरं. मागणी किंवा देऊ केलेलं स्वीकारणं सिद्ध व्हावंच लागतं. पण त्यासाठी रेकॉर्डिंग आणि पंच असतात. पैसे शिपायाकडे द्यायला सांगितले किंवा नातेवाइकाच्या यूपीआयवर घेतले, तरी फरक पडत नाही: लाभ स्वतः घेतला की दुसऱ्यामार्फत, हे कायदा पाहत नाही.

“शंभर-दोनशेला कोण विचारतं?” लाभ क्षुल्लक असेल तर आरोपीविरुद्धचं गृहीतक (घेतलेला लाभ लाच म्हणूनच घेतला, असं धरून चालणं) लावायचं की नाही, ही मुभा पूर्वी कलम २० मध्ये न्यायालयाला होती. २०१८ मध्ये तीही गेली.

“आम्ही कंत्राटी, आम्हाला लागू नाही.” स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेत किंवा पगारावर असलेली प्रत्येक व्यक्ती लोकसेवक ठरते.

देणाराही मोकळा नाही. कलम ८ खाली त्याला ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अडवून द्यायला भाग पाडलं असेल, तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १०६४ हा क्रमांक आहे.

लग्नकार्यातल्या भेटींचे नियम वेगळे. ते वर्तणूक नियमांत असतात (जिल्हा परिषदेसाठी १९६७ चे), आणि आपल्या पदाला लागू असलेली मर्यादा आस्थापना शाखेतून विचारून घ्यावी. पण ज्याची फाइल आपल्या टेबलावर आहे, त्याची भेट कोणत्याही निमित्तानं नकोच.

कुणी पाकीट ठेवून निघून गेलं, तर उघडू नका, खणात तर मुळीच टाकू नका. शेजारच्या दोन सहकाऱ्यांना बोलवा, वरिष्ठांना त्याच दिवशी तारीख-वेळेसह लेखी कळवा, त्या पत्रावर आवक क्रमांक घ्या आणि पाकीट त्यांच्या ताब्यात देऊन पोच जपून ठेवा.